बुर्किना फासोचा पूर्वेतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुर्किना फासो नेमका कुठे आहे? जुन्या नकाशात हे नाव का सापडत नाही?

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, पश्चिम आफ्रिकेच्या पोटात. चहूबाजूंनी जमीन: उत्तरेला माली, पूर्वेला नायजर, दक्षिणेला बेनिन, टोगो, घाना आणि आयव्हरी कोस्ट. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडं कमी.

१९८४ पूर्वीच्या नकाशात 'अप्पर व्होल्टा' शोधा. व्होल्टा नदीच्या तीन शाखा, काळी, पांढरी आणि तांबडी, याच पठारावर उगम पावतात, त्यावरून फ्रेंचांनी ते नाव दिलं होतं. या शाखांना आता मूहून, नाकांबे आणि नाझिनों म्हणतात. ४ ऑगस्ट १९८४ रोजी तोमा सांकारा यांच्या सरकारने देशाचं नाव बदललं. 'बुर्किना' हा शब्द मोसी लोकांच्या मूरे भाषेतला, 'फासो' ज्युला भाषेतला, आणि इथल्या नागरिकाला 'बुर्किनाबे' म्हणतात त्यातला 'बे' फुलानींच्या भाषेतला. साठाच्या वर भाषा असलेल्या देशात नाव कुणा एकाच्या भाषेतलं ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून केलेली ही जुळणी होती.

या भागात माणसं कधीपासून राहतात? की इतिहास राजांपासूनच सुरू होतो?

इंटरनेटवरचे बहुतेक लेख मोसी, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या समूहाच्या, राजांपासून सुरू होतात. सोयीचं आहे ते, पण मोसी घोडेस्वार इथे आले तेव्हा इथे गावं होती, शेती होती, आणि लोखंड तर जवळजवळ दोन हजार वर्षांपासून होतं.

देशाच्या उत्तरेकडचा साहेलचा, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेचा कोरडा पट्टा पुरातत्त्वज्ञांनी बराच तपासला आहे. उर्सी नावाच्या गावाजवळ, तळ्याकाठच्या टेकाडात, सुमारे हजार वर्षांपूर्वी आगीत जळालेलं एक मोठं मातीचं घर सापडलं. आगीमुळे भिंती भाजून टणक झाल्या आणि टिकल्या. आतली मडकी, जाती, साठवणीची भांडी जागच्या जागी होती. त्याच भागात किस्सी इथल्या इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातल्या दफनभूमीत पितळेचे दागिने आणि परदेशी काचेचे मणी मिळाले. म्हणजे घाना, माली या प्रसिद्ध साम्राज्यांच्या भरभराटीआधीच इथल्या खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात दूरदेशीचा मणी होता. हे मणी सहारा ओलांडून कोणत्या वाटेने आले हा अभ्यासाचा विषय आहे. वाट होती, एवढं मात्र मण्यांवरून कळतं.

लोखंडाचं काय? ते बाहेरून आलं का?

देशात लोहारकामाच्या जुन्या जागा अनेक आहेत. त्यांतल्या पाच जागांना युनेस्कोने २०१९ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला: दूरूला, तिवेगा, यामाने, किंदिबो आणि बेकुय. दूरूलाचे पुरावे इसवी सनापूर्वी आठव्या शतकापर्यंत मागे जातात. बाकीच्या ठिकाणी मातीच्या उंच भट्ट्या अजून उभ्या आहेत. काही भट्ट्यांना भाता लागत नसे. खालच्या छिद्रांतून हवा आपोआप आत खेचली जाईल अशी त्यांची बांधणी असे.

हे तंत्र आफ्रिकेत स्वतंत्रपणे जन्मलं की उत्तरेकडून आलं, यावर विद्वानांची जुनी भांडणं आहेत. इथे महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. लोखंड म्हणजे कुदळ, आणि कुदळ म्हणजे या कडक, लाल जमिनीतली शेती. पुढे मोठी राज्यं उभी राहिली ती या शेतकऱ्यांच्या धान्यावर. आजही अनेक गावांत लोहारांची घराणी वेगळी मानली जातात. त्यांच्याबद्दल आदर असतो, थोडी भीती असते, आणि लग्नसंबंधांवर जुनी बंधनंही असतात.

आपल्या बाजरीचा या भागाशी खरंच संबंध आहे का?

आहे. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेतल्या साहेलची. माणसाने पेरून वाढवलेल्या बाजरीचे सर्वांत जुने ज्ञात पुरावे बुर्किनाच्या शेजारी, मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात मिळाले आहेत, सुमारे इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपासचे. तिथून ती पूर्वेकडे सरकत इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात भारतात पोहोचली. बुर्किनाच्या उत्तर भागातल्या जुन्या वस्त्यांतही बाजरीचे दाणे सापडतात. नगर-सोलापूरकडच्या भाकरीची वंशावळ काढली तर ती या पट्ट्यात येऊन थांबते.

बुर्किनातलं रोजचं जेवण म्हणजे 'तो'. उकळत्या पाण्यात बाजरीचं, ज्वारीचं किंवा आता मक्याचं पीठ घोटून केलेला घट्ट गोळा. सोबत भेंडीचं किंवा गोरखचिंचेच्या पानांचं बुळबुळीत कालवण. ज्वारीला मोड आणून 'दोलो' नावाची बिअर करतात. ती गाळण्याचं आणि विकण्याचं काम परंपरेने बायकांचं.

लोरोपेनीचे अवशेष कुणाचे आहेत?

दक्षिणेकडे, आयव्हरी कोस्टच्या सीमेजवळ, झाडीत लाल जांभ्या दगडाची एक प्रचंड तटबंदी उभी आहे. भिंती काही ठिकाणी सहा मीटर उंच, आतला परिसर ११ हजार चौरस मीटरच्या वर. २००९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं हे बुर्किनाचं पहिलं स्थळ. लोबी प्रदेशात अशी शंभराच्या आसपास दगडी आवारं आहेत, त्यातलं हे सर्वांत चांगलं टिकलेलं.

आता या भागात लोबी लोक राहतात, म्हणून अवशेष लोबींचे असं सरसकट लिहिलं जातं. ते बरोबर नाही. लोबी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळी व्होल्टा ओलांडून आले. तोवर या भिंती शतकानुशतकं उभ्या होत्या. वस्ती किमान अकराव्या शतकापासूनची, तिचा भरभराटीचा काळ चौदावं ते सतरावं शतक, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ओसाड पडली. बांधणारे लोरोन किंवा कुलांगो असावेत असं मानलं जातं. या भागात सोनं निघतं आणि ते सहारापार जात असे, म्हणून या भिंतींचा संबंध सोन्याच्या व्यापाराशी जोडतात. उत्खनन मात्र फारच थोडं झालं आहे. सोनं कुणी खणलं, कुणी विकलं, भिंतींच्या आत कोण राहिलं, हे अजून मातीखालीच आहे.

येनेंगा कोण होती? ती खरी होती का?

बुर्किनाची सर्वांत लाडकी कथा हीच. आजच्या उत्तर घानातल्या गांबागा इथे नेदेगा नावाचा राजा होता. त्याची मुलगी येनेंगा घोड्यावर बसण्यात आणि भालाफेकीत पटाईत. बापाला ती सैन्यात हवी होती, म्हणून तो तिचं लग्न करीना. लोकप्रिय कथेत ती एक शेत पेरते, पीक तयार होतं, पण कापत नाही, उभं कुजू देते. बापाने विचारल्यावर म्हणते, माझंही असंच चाललंय. बाप तरी ऐकत नाही. मग एके रात्री ती घोड्यावरून निघून जाते. घोडा उधळतो आणि तिला उत्तरेकडच्या जंगलात नेतो. तिथे रियाले नावाचा हत्तींचा शिकारी भेटतो. त्यांना मुलगा होतो. ज्या घोड्यामुळे भेट झाली त्याच्या मानार्थ मुलाचं नाव वेद्राओगो ठेवतात, म्हणजे नर घोडा. मुलगा मोठा झाल्यावर आजोबाकडे जातो, राग मावळलेला आजोबा त्याला घोडेस्वार देतो, आणि वेद्राओगो तेंकोदोगो इथे पहिलं मोसी राज्य उभं करतो.

ती खरी होती का, याला सरळ उत्तर नाही. कागदोपत्री पुरावा शून्य. पण राजसत्ता दक्षिणेकडून, घोड्यांसह, दागोंबा-मांप्रुसी राजघराण्याच्या एखाद्या शाखेतून आली, ही कथेची चौकट इतिहासकार मान्य करतात. मांप्रुसी आणि मोसी राजघराणी आजही परस्परांशी नातं सांगतात. कथेत स्थानिक पुरुष आणि बाहेरून आलेली राजकन्या असं जोडपं आहे, तेही उगाच नाही. सत्ता बाहेरची, जमीन आतली, आणि दोघांचं लग्न लागलं, असा दावा त्यात आहे. जिंकलेल्यांची बाजू कथेत आली, पण शिकाऱ्याच्या रूपात, आणि प्रेमात पडूनच.

येनेंगा आज सगळीकडे आहे. राजधानी वागादुगूत १९६९ पासून भरणाऱ्या फेस्पाको चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक तिच्या घोड्याच्या नावाचं. फुटबॉल संघाला 'एतालों' म्हणजे घोडेच म्हणतात. राष्ट्रीय बोधचिन्हावर दोन पांढरे घोडे.

मोसी राज्यं कधी स्थापन झाली? कुणी अकरावं शतक सांगतं, कुणी पंधरावं.

राजांची यादी तोंडी जपलेली आहे. राजदरबारात 'बेंद्रे' नावाच्या तुंब्याच्या ढोलावर वंशावळ वाजवणारे आणि म्हणणारे असतात. यादी खूप तपशीलवार आहे, पण तिच्यात सनावळी नाही. मग प्रत्येक राजाला सरासरी किती वर्षं द्यायची यावर सगळं गणित अवलंबून. जुन्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी जास्त वर्षं देऊन अकरावं शतक गाठलं. नंतरच्या अभ्यासकांनी भावाभावांत फिरलेली गादी, लहान कारकिर्दी वगैरे धरून पंधराव्या शतकापर्यंत खाली आणलं. आज बहुतेक अभ्यासक पंधराव्याकडे झुकतात. लोकप्रिय लेखनात मात्र अकरावं-बारावं शतक टिकून आहे, कारण जुनं असणं सगळ्यांनाच आवडतं.

उत्तरेकडच्या अरबी बखरींत 'मोसी' नावाचे लढवय्ये नायजर नदीच्या वळणावर दिसतात. चौदाव्या शतकात त्यांनी टिंबक्टू लुटलं. १४८० च्या सुमारास वालाटा शहराला वेढा घातला. १४८३ साली नायजर काठच्या सोंघाई साम्राज्याच्या सोन्नी अलीने त्यांना हरवलं, आणि १४९८ साली त्याच साम्राज्याच्या अस्किया मुहम्मदने त्यांच्याविरुद्ध जिहाद पुकारला. हे मोसी आणि वागादुगूचे मोसी एकच का? काही अभ्यासक एकच मानतात. काहींच्या मते ते आधीचे, वेगळे घोडेस्वार. मला दुसरं मत जास्त पटतं. कारण चौदाव्या शतकात टिंबक्टूवर धाड घालणारं राज्य पंधराव्या शतकात जन्मलेलं असू शकत नाही.

मोसी राजे राज्य कसं चालवत?

इथे थोडं थांबायला हवं, कारण देशाच्या जुन्या समाजाची किल्ली इथे आहे.

प्रमुख राज्यं अशी: दक्षिणेला तेंकोदोगो, मध्ये वागादुगू, उत्तरेला यातेंगा. वागादुगूच्या राज्याचा मूळ पुरुष उब्री, वेद्राओगोचा नातू. यातेंगाचा यादेगा. वागादुगूच्या राजाला मोगो नाबा म्हणतात. त्याच्याखाली प्रांतप्रमुख, त्यांच्याखाली गावप्रमुख. दरबारात मंत्री: घोड्यांचा आणि मंत्रिमंडळाचा मुख्य विदी नाबा, आणि लार्ले नाबा, गुंगा नाबा, बालुम नाबा, कामसाओगो नाबा. मंत्री राजवंशातले नसत. गादीवर हक्क सांगू शकणाऱ्या भावंडांना दरबारापासून लांब, प्रांतात ठेवायची पद्धत होती.

घोडेस्वार विजेत्यांच्या वंशजांना 'नाकोम्से' म्हणतात. राज्य करण्याचा अधिकार, ज्याला 'नाम' म्हणत, तो फक्त त्यांचा. पण जमीन त्यांची नाही. जमीन आधीच्या लोकांची, त्यांच्या भूमिपूजकाची, म्हणजे 'तेंगसोबा'ची. नवं शेत काढायचं, घर बांधायचं, रक्त सांडल्याने विटाळलेली भूमी शुद्ध करायची, तर राजा काही करू शकत नाही. तेंगसोबानेच कोंबडी कापून धरतीची परवानगी मागायची. यातेंगात तर नव्या राजाला गादीवर बसल्यानंतर 'रिंगु' नावाची यात्रा करावी लागे: जुन्या राजधान्या, भूमिपूजकांची ठिकाणं, एकेक करून. ती झाल्याशिवाय तो पूर्ण राजा धरला जात नसे.

म्हणजे जिंकणाऱ्याला जिंकलेल्यांकडून दर वेळी मान्यता घ्यावी लागे. ही व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणत नाही. कर, वेठ आणि लूट होतीच. राजा आपल्या सेवकांना बायका देई आणि त्या लग्नातली पहिली मुलगी दरबाराला परत द्यावी लागे. ती पुन्हा कुणा निष्ठावंताला दिली जाई, आणि अशा रीतीने लग्नांचं जाळं राजाच्या हातात राही. पण सत्ता आणि जमीन अशी वेगवेगळ्या हातांत ठेवल्यामुळे ही राज्यं चार-पाचशे वर्षं टिकली, असं मानायला जागा आहे. आसपासची मोठी साम्राज्यं, माली आणि सोंघाई, तोवर कोसळली होती.

राजा मेला की आणखी एक रूढी दिसते. त्याची थोरली मुलगी बापाचे कपडे घालून, हातात त्याची काठी घेऊन, नवा राजा निवडेपर्यंत गादी सांभाळते. तिला 'नापोको' म्हणतात.

म्हणजे बुर्किनाचा इतिहास मोसींचाच का?

नाही, आणि ही चूक फार होते. मोसी निम्म्याच्या आसपास आहेत, राजधानी त्यांच्या प्रदेशात आहे, त्यांच्याकडे राजांची यादी आहे. राजे असले की इतिहास लिहायला सोपा जातो.

पूर्वेला गुर्मांचे लोकांचं गुर्मा राज्य, राजधानी फादा न्गुर्मा. मोसी त्याला आपली शाखा म्हणतात. गुर्मांचे मात्र सांगतात की त्यांचा पहिला राजा दियाबा लोंपो घोड्यासह आकाशातून उतरला. याहून स्पष्ट नकार कुणी द्यावा?

उत्तरेला मोसींच्या आधी कुरुंबांचं लुरुम राज्य होतं. यातेंगात राहणारे काही दोगोन लोक मोसींच्या दबावामुळे मालीतल्या बांदियागारा कड्यांकडे सरकले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सुमारे १८१० च्या आसपास, फुलानी पशुपालकांनी आजच्या उत्तर नायजेरियातल्या सोकोटोच्या जिहादातून स्फूर्ती घेऊन दोरी नावाच्या शहराभोवती लिप्ताको अमिरात उभारली. तिथे त्यांनी गुर्मांचेंची सत्ता उलटवली.

पश्चिमेला बोबो, ब्वा, सेनुफो. दक्षिणेला लोबी, दागारा आणि ज्यांना बाहेरच्यांनी 'गुरुन्सी' अशी एक चिठ्ठी चिकटवली ते कासेना, नुना, लेला वगैरे. यांतल्या बहुतेकांना राजा नव्हता. गाव, कुळं, वडीलधारे, मुखवट्यांचे विधी, देवतांचे नियम यांवर चालणारा समाज. 'अराजक' म्हणून फ्रेंचांनी हिणवलं, पण हीच गावं जिंकायला सर्वांत जड गेली, कारण शरण येईल असा राजाच नव्हता. लोबींचे विषारी बाण विसाव्या शतकातही फ्रेंच चौक्यांना त्रास देत होते.

कासेनांना मात्र प्रमुख होते. त्यांच्या तियेबेले इथल्या राजवाड्याला २०२४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मातीची घरं, भिंतींवर काळ्या-पांढऱ्या-लाल भौमितिक नक्ष्या, आणि त्या नक्ष्या काढणाऱ्या बायका. दारं इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागतं. शत्रू वाकून आत शिरला की मान आयती सापडे.

बोबो-दियुलासो भागात अठराव्या शतकात कोंगहून (आजच्या आयव्हरी कोस्टमधून) आलेल्या वातारा घराण्याने ग्विरिको राज्य स्थापलं. ज्युला व्यापाऱ्यांचा तो प्रदेश. शहरातली जुनी मातीची मशीद, भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी खुंट्यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे.

समुद्र नसताना व्यापार कसा चालायचा?

तेव्हा समुद्रकिनारा हा व्यापाराचा मुख्य दरवाजा नव्हताच. सहारा हाच दरवाजा. उत्तरेकडून सहारातल्या ताउदेनीच्या खाणीतल्या मिठाच्या लाद्या येत, दक्षिणेच्या जंगलातून कोला नट. कोला चघळायची, पाहुण्याला द्यायची, लग्न ठरवताना पाठवायची. मधल्या मोसी प्रदेशातून सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या, गुरं, गाढवं. हा व्यापार मुख्यतः यार्से नावाच्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हातात होता. मूळ मांदे भाषा बोलणारे, पण मूरे बोलू लागलेले. मोसी राजांनी बराच काळ इस्लाम स्वीकारला नाही, पण यार्से इमामांना दरबारात मान होता. व्यापार आणि धर्म वेगळे ठेवण्याची ही युक्ती दोन्ही बाजूंना परवडली.

आणि चलन? कवड्या. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात असतात त्याच जातीच्या. त्या हिंदी महासागरातल्या मालदीव बेटांवरून येत. आधी इजिप्त-सहारामार्गे आणि नंतर युरोपी जहाजांतून पश्चिम किनाऱ्यामार्गे त्या आफ्रिकेत पोहोचत. लोबींमध्ये लग्नाच्या देण्याघेण्यात कवड्या विसाव्या शतकातही मोजल्या जात होत्या.

गुलामांचा व्यापारही होता का?

होता, आणि राजे त्यात सामील होते. गुलाम दक्षिणेकडे अशांती राज्यात आणि घानातल्या सालागाच्या बाजारात जात, काही उत्तरेकडे. सर्वांत जास्त भरडले गेले ते राजा नसलेले गुरुन्सी समूह. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नायजरकडून आलेल्या झाबेर्मा घोडेस्वारांनी, विशेषतः गाझारी आणि नंतर बाबातू यांनी, हा प्रदेश अक्षरशः पिंजून काढला. त्यांच्या धाडींना कंटाळून काही स्थानिक प्रमुखांनी फ्रेंचांशी हातमिळवणी केली. वसाहतवाद्यांचं स्वागत कुणी आणि का केलं याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

फ्रेंच कसे आले?

१८८६ मध्ये जर्मन प्रवासी क्राउझ वागादुगूत पोहोचला. १८८८ मध्ये फ्रेंच अधिकारी लुई-गुस्ताव बँजे. १८९४ मध्ये ब्रिटिशांसाठी काम करणारे फांते सर्वेक्षक जॉर्ज एकेम फर्ग्युसन यांनी मोगो नाबा वोब्गो यांच्याशी करार केला. एक आफ्रिकी माणूस एका आफ्रिकी राजाकडून ब्रिटिश राणीसाठी सही घेतो आहे, हा प्रसंग त्या काळाबद्दल पुष्कळ सांगून जातो.

कराराचा उपयोग झाला नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये वूले आणि शानवान हे फ्रेंच अधिकारी फौज घेऊन वागादुगूत शिरले आणि शहराला आग लावली. वोब्गो दक्षिणेकडे, ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात निसटले आणि तिथेच वारले. जानेवारी १८९७ मध्ये फ्रेंचांनी त्यांच्या भावाला, सिगिरी यांना गादीवर बसवून संरक्षणाचा करार करून घेतला. १८९८ च्या करारात ब्रिटन आणि फ्रान्सने सीमा आखल्या. हेच वूले आणि शानवान पुढे १८९९ मध्ये नायजरमध्ये इतक्या कत्तली करत सुटले की फ्रान्सला त्यांच्यामागे स्वतःचाच कर्नल पाठवावा लागला. त्यालाही त्यांनी गोळ्या घातल्या.

मग लोक गप्प बसले का?

बिलकूल नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये पश्चिमेला, मूहून आणि बानी नद्यांमधल्या गावांनी उठाव केला. कारण महायुद्धासाठी सक्तीची सैन्यभरती, त्यात कर आणि वेठ. मार्का, ब्वा, सामो अशा वेगवेगळ्या समूहांची गावं एकत्र आली. त्यांना जोडणारा राजा नव्हता. धार्मिक स्थानांवर घेतलेल्या शपथा आणि गावागावांतले करार होते. फ्रेंचांना तोफा आणि सुमारे पाच हजारांची फौज लागली. १९१६ मध्ये शंभराहून अधिक गावं उद्ध्वस्त करूनच हे प्रकरण संपलं. वसाहतकाळातल्या पश्चिम आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या उठावांपैकी हा एक, पण नाव ऐकलेली माणसं विरळाच.

देश एकदा नकाशावरून पुसला गेला होता, हे खरं का?

खरं. १ मार्च १९१९ रोजी अप्पर व्होल्टा ही स्वतंत्र वसाहत झाली. नुकताच उठाव झालेला, त्यामुळे प्रदेश जवळून ताब्यात ठेवायचा होता. राजधानी वागादुगू. नवी सरकारी कार्यालयं कच्च्या विटांची, म्हणून फ्रेंच तिला थट्टेने 'बांकोव्हिल', मातीचं शहर म्हणत. सक्तीने कापूस पेरायला लावला, तो फारसा जमला नाही.

या प्रदेशातून फ्रेंचांना खरं हवं होतं ते मनुष्यबळ. रेल्वे बांधायला आणि आयव्हरी कोस्टच्या कोको-कॉफीच्या मळ्यांवर राबायला माणसं इथूनच जात. जागतिक मंदीत वेगळ्या वसाहतीचा खर्च परवडेना, आणि मळेवाल्यांना मजूर थेट हवे होते. ५ सप्टेंबर १९३२ रोजी वसाहत मोडली. वागादुगू, बोबो-दियुलासो वगैरे मोठा भाग आयव्हरी कोस्टला, उत्तर-पश्चिमेचा भाग सुदान म्हणजे आजच्या मालीला, दोरी आणि फादाचा भाग नायजरला. रेल्वे १९३४ मध्ये बोबोपर्यंत आली, राजधानीपर्यंत यायला १९५४ उजाडलं.

पंधरा वर्षांनी, ४ सप्टेंबर १९४७ रोजी, वसाहत पुन्हा जोडली गेली. मोगो नाबा आणि मोसी प्रमुखांनी सतत मागणी लावून धरली होती. त्याचवेळी आयव्हरी कोस्टमध्ये उफुए-बुआन्यी यांच्या पक्षाची ताकद वाढत होती आणि फ्रेंच सरकारला ती कापायची होती. म्हणजे परत जोडणीमागेही फ्रेंचांचं स्वतःचं गणित होतं. मजुरांचा प्रवाह मात्र थांबला नाही. आजही आयव्हरी कोस्टमध्ये बुर्किनाबे कुटुंबं लाखोंनी आहेत.

स्वातंत्र्य कधी आणि कसं मिळालं?

डिसेंबर १९५८ मध्ये फ्रेंच समुदायांतर्गत (फ्रान्स आणि त्याच्या वसाहतींच्या संघात) प्रजासत्ताक, ५ ऑगस्ट १९६० ला पूर्ण स्वातंत्र्य. पहिले अध्यक्ष मोरिस यामेओगो. त्याआधी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, तरुण मोगो नाबा कुग्री यांनी आपले योद्धे घेऊन विधानसभेला वेढा घालण्याचा प्रयत्न केला होता. त्यांना घटनात्मक राजेशाही हवी होती. योद्धे पांगवले गेले आणि राजेशाहीचा विषय तिथेच मिटला. यामेओगो यांचं सरकार जानेवारी १९६६ मध्ये कामगार संघटनांच्या आंदोलनानंतर पडलं.

हा इतिहास स्थानिक लोकांनी लिहिला आहे का?

तोमा गावचे जोसेफ की-झेर्बो हे या देशाचे सर्वांत मोठे इतिहासकार, जन्म १९२२. लिखित कागदाबरोबर तोंडी परंपरा, भाषा आणि पुरातत्त्व यांनाही साधन मानायला हवं, हा त्यांचा आग्रह. युनेस्कोने आफ्रिकेचा बहुखंडी इतिहास काढला तेव्हा पहिल्या, पद्धतीविषयीच्या खंडाचे संपादक तेच होते. ते सामो होते, मोसी नव्हते. राजांच्या यादीपलीकडे पाहण्याची त्यांची सवय तिथून आली असेल, असं मला वाटतं.

मोगो नाबा आजही आहेत का?

आहेत. नाबा बाओंगो दुसरे १९८२ पासून गादीवर आहेत. राज्यघटनेत त्यांना सत्ता नाही, पण दर शुक्रवारी सकाळी वागादुगूच्या राजवाड्यासमोर एक जुना विधी होतो. राजा लाल पोशाखात बाहेर येतो, खोगीर घातलेला घोडा तयार असतो, जणू मोहिमेवर निघायचं आहे. मंत्री येऊन नमस्कार करतात, थांबायची विनंती करतात. राजा आत जातो, पांढरे कपडे घालून परत येतो, घोड्याचं खोगीर उतरवलं जातं. एका कथेनुसार माहेरी गेलेली लाडकी राणी परत येईना, म्हणून एक राजा तिला आणायला निघाला होता आणि मंत्र्यांनी त्याला राज्याची आठवण करून देऊन थांबवलं.

सप्टेंबर २०१५ मध्ये अध्यक्षांच्या सुरक्षा दलाने बंड केलं आणि बाकीचं सैन्य राजधानीत शिरलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी रक्तपात टाळण्याच्या करारावर सही केली ती याच राजवाड्यात, मोगो नाबांसमोर.